सातव्या वाटीतला बोल्ट

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत अगदी मागच्या रांगेला, जिथं डांबर संपतं आणि नुसती गिट्टी उरते, तिथं राठोडांचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायच्या आणि मोडलेल्या नीट करून द्यायच्या, एवढंच काम. दुकानाला पाटी नाही. नियम मात्र एक आहे, आणि तो कुठल्याही पाटीपेक्षा पक्का. जो जॅक लावेल, तोच ट्रॉलीखाली शिरेल. आपण लावलेल्या जॅकखाली दुसऱ्याला पाठवायचं नाही. हा नियम देवसिंग राठोडनं केला, वीस वर्षं पाळला, आणि तीन वर्षांपूर्वी एक दिवस जॅकला हात लावणंच सोडून दिलं. "माह्या हाताचा भरोसा नाही," म्हणाला आणि बाजूच्या स्टुलावर जाऊन बसला. तेव्हापासून जॅक त्याची बायको शीला लावते आणि खालीही शीलाच शिरते.

शीला राळेगावकडच्या एका तांड्यातली, हरिसिंग पवारांची थोरली. आठवीपर्यंत शाळा झाली, मग कापसाची वेचणी, मग लग्न. वेल्डिंग तिला कुणी शिकवलं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, ऐन हंगामात दुकानातला कारागीर पळून गेला आणि दारात पाच ट्रॉल्या उभ्या. शीलानं रॉड उचलला. पहिल्या दिवशी काळी काच न लावताच जाळाकडे पाहत बसली, आणि संध्याकाळपर्यंत डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखं झालं. तिची आई मानीबाई आली, तिनं बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर बांधल्या आणि वरून दहा गोष्टी ऐकवल्या, की लोखंड हे काय बाईमाणसाचं काम आहे का. "बांध याडी, बोलू नको," एवढंच शीला आईला म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती काच लावून पुन्हा ट्रॉलीपाशी बसलेली. अशी आहे ती. एकदा मनात घेतलं की घेतलं. हे तिच्या गुणांत धरायचं की खोडीत, ते पुढचं ऐकून ज्यानं त्यानं ठरवावं.

तिचं नाव झालं ते टाक्यामुळे. आपल्याकडचे रस्ते कसे आहेत ते सांगायला नको. ट्रॉली दोन खेपा करून आली की निम्मे नट ढिले. त्यावर ट्रॉलीवाल्यांचा जुना इलाज म्हणजे नट आवळून झाला की त्याच्या कडेला वेल्डिंगचा एक बारीक टाका मारायचा. मग नट जन्मात फिरत नाही. टाका मारायचा, गिऱ्हाइकाला घाई असते म्हणून वरून मगभर पाणी ओतायचं, चर्र झालं की ट्रॉली रस्त्यावर. शीलाचा टाका हरभऱ्याएवढा, गोल, आणि कधी सुटला म्हणून कुणी परत आलं नाही. लांबलांबचे लोक सांगायचे, टाका मारायचा तर राठोडीणबाईच्या हातचाच.

अशा दुकानात अतुल गावंडे आला. कापसाच्या जिनिंगवाल्या गावंड्यांचा हा धाकटा. पुण्यात शिकला, तिथं चांगली नोकरी लागली, ती सोडून परत आला आणि सांगू लागला की मी विमान बनवणार. एका माणसाचं, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं, वरून कापड ताणलेलं. नकाशे इंटरनेटवरून विकत घेतलेले, इंजिन बाहेरदेशातून मागवलेलं. त्याला जागा हवी होती आणि काम जाणणारे हात हवे होते. देवभाऊ, वहिनी, असं गोड बोलायचा. खोटं कशाला सांगा, तेव्हा तो दोघांनाही आवडला होता. दुपारी शीलाच्या डब्यातली भाकर आणि ठेचा खायचा आणि तसेच तेलकट हात घेऊन नळ्या मोजायला बसायचा. दीड वर्षात शेडमध्ये खरोखरचं विमान उभं राहिलं. वर दोन पंख, खाली एक खुर्ची, आणि प्रत्येक पंखाला खालून आधार द्यायला दोन-दोन तिरप्या नळ्या. त्या नळ्या खालच्या टोकाला एकेका बोल्टानं धरलेल्या. म्हणजे सगळं विमान चार बोल्टांवर.

बसणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा अतुलनं देवसिंगकडे पाहिलं. अतुलचं वजन नव्वद किलो, देवसिंगचं बावन्न.

"मले कुठं उडवता येते बावा," देवसिंग म्हणाला.

"भरलेली ट्रॉली रिव्हर्स घेणं याच्याहून अवघड हाय, देवभाऊ. तुमचा हात आहे."

हाताचं कौतुक केलं की देवसिंग विरघळतो, हे अतुलनं ओळखलेलं होतं. आठ दिवस त्यानं देवसिंगला जमिनीवरच विमान पळवायला लावलं. पुढं नेलं, मागं आणलं, झालं शिक्षण. आठ दिवसांत माणूस सायकल धड शिकत नाही. परवानगीचं विचारलं तर म्हणे दिल्लीला अर्ज टाकला आहे. त्या अर्जाला उत्तर कधी आलं नाही, आणि अतुलनं वाटही पाहिली नाही.

विमानाच्या नटाला टाका नसतो. बोल्टाला आरपार भोक असतं, नटाला खाचा असतात, आणि दोन्हींतून एक पिन घालून वाकवायची असते. इंजिन कितीही थरथरलं तरी नट फिरू नये म्हणून. त्या पिना वेळेत आल्याच नाहीत. उड्डाण दुसऱ्या दिवशी होतं. गावंड्यांच्या राळेगाव रस्त्यावरच्या शेतात सोयाबीन निघाल्यावर रोलर फिरवून पट्टी तयार केलेली, माणसं बोलावलेली, पेपरवालाही बोलावलेला.

"वहिनी, तुमचा टाका मारून द्या. चार पिनांचं काम करते तुमचा एक टाका," अतुल म्हणाला.

शीलाला बरं वाटलं. नवऱ्याच्या जिवाला आपला टाका राखणार, याचं तिला मनातून कौतुकच वाटलं. तिनं चार बोल्टांना चार टाके मारले आणि प्रत्येकावर मगभर पाणी ओतलं. काम नेहमीसारखंच सुबक झालं.

सकाळी देवसिंगनं देवळात शिरावं तशा चपला पट्टीच्या कडेला काढून ठेवल्या आणि तो खुर्चीत बसला. विमान धावलं, उचललं, दोन कडुनिंबांएवढं वर गेलं. नुसतं सरळ जाऊन उतरायचं ठरलेलं होतं. पण लोक ओरडले, अतुल हात फिरवू लागला, आणि देवसिंगनं विमान वळवलं. वळणावर डावा पंख वर दुमडला. पुढचं सांगण्यासारखं नाही. कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं आणि उजवा हात कोपरातून असा बसला की अजून पेला धरताना थरथरतो.

दवाखान्याचं सगळं अतुलनं पाहिलं. रोज यायचा, फळं आणायचा. लोक म्हणाले, माणूस चांगला आहे. पण त्याच अतुलनं पहिल्याच दिवशी पेपरवाल्याला सांगितलं होतं की चालक घाबरला आणि त्यानं विमान चालवायची दांडी जोरात ओढली. तेच पोलिसांना सांगितलं. आणि चौथ्या दिवशी, गुंगी उतरली तेव्हा, खाटेपाशी बसून खुद्द देवसिंगला विचारलं, "देवभाऊ, काहून ओढली हो दांडी एवढी?"

देवसिंगला काही आठवत नव्हतं. आठवत होता फक्त एक झटका. मांडीखाली, खुर्चीच्या नळीतून आलेला, टक् असा. त्यानं तो सांगितला. अतुल म्हणाला, भीतीनं असं वाटतं माणसाला. देवसिंगनं मान डोलावली आणि पोलिसांच्या कागदावर डाव्या हातानं सही केली.

वीस वर्षं ज्याच्या हातून ट्रॅक्टरचा आरसासुद्धा फुटला नव्हता, तो माणूस घरी आला तो स्वतःलाच आरोपी करून. जॅक सोडला. स्कूटी सोडली. चहाचा कप शीलाच्या हातात देतानासुद्धा म्हणायचा, "तूच धर, माह्यानं सांडन." हाड मोडणं शीलानं सहन केलं असतं. हे तिला सहन झालं नाही.

तो दवाखान्यात होता तेव्हाच ती त्याच्या चपला आणायला त्या शेतात गेली होती. चपला मिळाल्या. तिथून विमान गेलं त्या रेषेनं ती चालत निघाली, उगीचच. जिथं विमान वळलं होतं, त्या जागी मातीत काही चमकलं. नट होता. त्यात बोल्टाचं टोक अडकलेलं, आणि कडेला हरभऱ्याएवढा गोल टाका. विमान पडलं होतं ती जागा तिथून पुढं चांगली दीडशे पावलं. दीडशे पावलं अलीकडे पडलेला नट म्हणजे आधी बोल्ट तुटला आणि मग विमान पडलं, एवढं समजायला शाळा लागत नाही.

तुटलेला भाग वेगळाच होता. बोल्ट तुटायचा तर आधी वाकतो, ताणला जातो. हा खडीसाखर फोडावी तसा सरळ तुटलेला. शीला तो घेऊन संघदीपकडे गेली. संघदीप आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो, दुकानात त्याचं येणंजाणं आहे. त्यानं तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"वहिनी, हा भारी बोल्ट हाय. याले कारखान्यात तापवून, मापानं थंड करून कडक केलेलं असते. याच्यावर टाका मारला की ते कडकपण बिघडते. अन् वरून पाणी टाकलं तर काचेवानी होते हा. ट्रॉलीचा साधा बोल्ट नरम असते म्हणून चालून जाते. याच्यावर टाका मारतच नाहीत. नकाशातच लिहिलेलं असते तसं." मग त्यानं वर पाहिलं. "कोणी मारला हा?"

"होता एक कारागीर," शीला म्हणाली.

घरी येऊन तिनं मसाल्याचा डबा उघडला. सहा वाट्यांत हळद, तिखट, जिरं, मोहरी, धने, मीठ. मधली सातवी वाटी रिकामी होती. तिच्यात तिनं तो नट ठेवला.

सांगायला हवं होतं तिनं देवसिंगला, त्याच दिवशी. तुमची चूक नव्हती, दांडी तुम्ही ओढली नाही, हे बघा. पण सांगायचं म्हणजे टाका कुणाचा ते सांगावं लागणार. ज्या हातानं ती त्याला रोज उठवून बसवत होती, त्याच हातानं. ती गप्प बसली. आणि गप्प बसण्याचं जे काही ओझं होतं, ते सगळं तिनं उचलून अतुलवर टाकलं. टाका मार म्हणणारा तो. नकाशा वाचता येणारा तो. आणि मोडलेल्या माणसाच्या खाटेवर बसून तूच मोडलंस म्हणणाराही तोच. रोज सकाळी फोडणी देताना ती डबा उघडायची, सातव्या वाटीकडे पाहायची आणि मनात म्हणायची, तुहं मढं निघो. मग मोहरी टाकायची. तीन वर्षं असं चाललं. अतुलला रस्त्यात पाहिलं की ती हसून "बरे आहात ना भाऊ" म्हणायची, इतका तिचा राग पक्का मुरला होता.

स्वतःला बसता यावं म्हणून अतुल बारीक झाला. कुठंतरी जाऊन महिना-दोन महिने विमान चालवायला शिकून आला. जिनिंगच्या आवारात दुसरं विमान उभं राहिलं. आणि यंदाच्या दिवाळीनंतर एका शनिवारी सकाळी तो दुकानात येऊन उभा राहिला. उद्या उडवायचं होतं, स्वतःच बसणार होता.

"वहिनी, पिना आहेत या वेळी, पण नटाच्या खाचा अन् बोल्टाचे भोकं जुळूनच नाही राह्यले. चार टाके मारून द्या ना."

शीलाला आधी खरंच वाटेना. तिनं हातातला ब्रश खाली ठेवला. "टाका?" ती म्हणाली. "पुन्हा टाकाच?"

"मागच्या खेपेले टाक्यानं कुठं दगा दिला होता," अतुल म्हणाला. मग स्टुलावर बसलेल्या देवसिंगकडे बघून, खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमानं म्हणाला, "दगा दिला होता तो भेवानं. होय ना देवभाऊ?"

"हो ना भाऊ," देवसिंग म्हणाला. "माह्या हातानंच झालं ते."

म्हणजे यानं ते मोडकं विमान कधी नीट पाहिलंच नव्हतं. एकदा देवसिंगवर ढकललं, ते इतक्या वेळा सांगितलं की आता त्याला स्वतःलाच ते खरं वाटत होतं.  शीलाला वेगळं काहीच करायचं नव्हतं. तो म्हणेल तेवढंच करायचं होतं.

"चला," ती म्हणाली.

जिनिंगच्या आवारात तिनं काळी काच लावली आणि चार बोल्टांना चार टाके मारले. हात थरथरला नाही. प्रत्येक टाक्यावर मगभर पाणी ओतलं. चर्र झालं. अतुलनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "क्या बात है वहिनी." तिनं मशीनची वायर गुंडाळली, घरी आली, वांग्याची भाजी केली आणि तीन भाकरी खाल्ल्या. तीन वर्षांत तिला अशी भूक लागली नव्हती. देवसिंगसुद्धा तिच्याकडे पाहत राहिला.

झोपही चांगली लागली. हे सगळं असं सांगितलं की बाई वाईट दिसते. दिसू दे. तशीच झाली होती ती त्या दिवशी.

रविवारी सकाळी देवसिंग लवकर उठला, अंघोळ करून धुतलेला शर्ट घालून बसला. त्याला शेतात जायचं होतं. शीला त्याच्या बुटाची नाडी बांधत होती, त्याला खाली वाकता येत नाही म्हणून.

"अतुलभाऊले सांगतो जरा," तो म्हणाला. "वर गेल्यावर भेव वाटते माणसाले. म्हणा, दांडी ओढजो नको. माह्यावानी करजो नको. सांगाले पाह्यजे ना वं त्याले. मी पडलो हाय, मले माहीत."

शीलाच्या हातात नाडी तशीच राहिली.

अतुल पडला तर काय होणार, हे तिला आत्ता दिसलं. अतुल मेल्यावर लोक काय म्हणतील? घाबरला, दांडी ओढली. पेपरात तेच येईल. आणि हा येडा माणूस जन्मभर म्हणत राहील, मी सांगितलं होतं त्याला, मी आधी सांगायला पाहिजे होतं. ज्या खोट्याचा सूड घ्यायचा, तेच खोटं अतुलच्या मढ्याबरोबर कायमचं खरं होऊन बसणार. आणि ते खरं करणारी कोण, तर शीला राठोड, चार टाके मारून. अतुलची दया तिला आली नाही. कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नये. आपला सूड चुकीच्या नटाला बसतो आहे, एवढंच तिला कळलं.

तिनं नाडी बांधली. आत जाऊन मसाल्याच्या डब्यातला नट पदराला बांधला, दोन किलोचा हातोडा स्कूटीच्या डिक्कीत टाकला, देवसिंगला मागं बसवलं आणि निघाली.

शेतात शे-दीडशे माणसं होती. नारळ फुटून झाला होता, विमानाला घातलेला झेंडूचा हार कुणीतरी काढून घेत होतं. अतुल खुर्चीत बसून पट्टा आवळत होता. देवसिंग काठी टेकत पोचला, डाव्या पंखाच्या तिरप्या नळीला हात धरून उभा राहिला आणि धापा टाकत सांगू लागला, भाऊ, दांडी हळू, माह्यावानी नको.

"नाही करणार, देवभाऊ," अतुल हसून म्हणाला. "तुमची चूक मी नाही करणार."

शीला देवसिंगच्या शेजारून वाकली आणि नळीच्या खालच्या टोकाच्या नटावर तिनं हातोड्याचा एक घाव घातला.

टक्. नट बोल्टाच्या टोकासकट मातीत पडला.

देवसिंगनं नळीवरचा हात पोळल्यासारखा मागं घेतला. अतुल ओरडला, माणसं धावली. देवसिंगनं सगळ्यांना थांबवलं. त्यानं शेजारची दुसरी नळी धरली, घट्ट, थरथरत्या उजव्या हातानं.

"इथं मार," तो म्हणाला.

तिनं मारलं. तोच झटका नळीतून त्याच्या हातात आला.  "हाच," तो म्हणाला. "हाच होता. मांडीखाली आलता माह्या." आणि तो तिथंच मातीत बसला.

"वहिनी, वेड लागलं का तुम्हाले," अतुल म्हणत होता.

"उतर खाली," शीला म्हणाली. भाऊ नाही, तुम्ही नाही. तिनं पदर सोडला, जुना नट काढला आणि मातीत पडलेला नवा उचलून दोन्ही त्याच्यापुढं धरले. "हा तीन वर्षांपूर्वीचा. विमान पडलं तिथं नाही सापडला, वळलं तिथं सापडला. हा आताचा. पाहा, दोघं सारखेच तुटले."

अतुलनं पाहिलं. त्याला कळायला वेळ लागला नाही, शिकलेला माणूस होता. पण पहिलं वाक्य त्याच्या तोंडून हेच आलं, "टाका तर तुम्हीच मारला होता."

"मीच मारला. तेव्हा माहीत नव्हतं म्हणून मारला. अन् काल माहीत असून मारला." लोकांत कुजबुज झाली. शीलानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. "माहं मी सांगतलं. आता तुहं सांग. नकाशात काय लिहिलं होतं?"

अतुलनं पट्टा सोडला आणि तो खाली उतरला.

"वाचता येते ना तुले?"

"वेल्डिंग करू नये, असं लिहिलं होतं," अतुल म्हणाला.

"अन् यायनं दांडी ओढली, हे कोणी पाह्यलं होतं?" तिनं देवसिंगकडं बोट केलं.

"कोणीच नाही."

"मंग सांगतलं काहून?"

अतुलनं आजूबाजूला पाहिलं. सगळे मोबाईल त्याच्याकडं वळलेले होते. "काहीतरी सांगावंच लागणार होतं," तो म्हणाला.

बस. याच शब्दांसाठी तीन वर्षं गेली होती. शीलाला वाटलं होतं की हे ऐकलं की आपण नाचू, ओरडू, थुंकू त्याच्या तोंडावर. तसं काही झालं नाही. तिनं हातोडा उचलून उजव्या पंखाचे दोन टाकेही फोडायला घेतले, म्हणजे याला कुणी त्याच नटांवर पुन्हा उडवू नये. तिसरा एका घावात गेला. चौथ्याला तिनं पाच घाव घातले, शेवटचे दोन जीव खाऊन, तरी तो तुटला नाही. तो तसाच धरून राहिला. एकाच हातचे, एकाच दिवसाचे चार टाके, त्यातला हा एक का राहिला, हे संघदीपलाही नंतर सांगता आलं नाही.

पेपरात काही आलं नाही. पण संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ लोहाऱ्यात घरोघर पाहिला जात होता, आणि दुसऱ्या दिवशी दोन ट्रॉलीवाले खास देवसिंगला भेटायला आले. त्यांनी त्याच्याशी हात मिळवला, उजवा. शीलाकडं त्यांनी जरा जपूनच पाहिलं. अतुल महिनाभर बाहेर दिसला नाही. शीलानं त्याला माफ केलं का, असं कुणी विचारू नये. नाही केलं.

शेतातून परत येताना देवसिंग स्कूटीवर एक शब्द बोलला नव्हता. घरी आल्यावर दोन्ही नट हातात घेऊन तो ओट्यापाशी गेला आणि जुन्याला लागलेली हळद बोटानं पुसत त्यानं विचारलं, "हा कुठं होता एवढे दिवस?"

"मसाल्याच्या डब्यात."

"तीन वर्षं?"

"हो."

"म्हणजे मी रोज त्यातलंच खाल्लं," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला. त्यानंतर आठ दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. शीलानं ते मुकाट्यानं घेतलं.

नवव्या दिवशी एक ट्रॉली आली, मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला. शीला हातमोजे शोधत होती तेवढ्यात मागं आवाज झाला म्हणून तिनं वळून पाहिलं. देवसिंग काठी भिंतीला टेकवून, एका गुडघ्यावर बसून जॅक लावत होता. हात थरथरत होता, पण जॅक बरोबर आसाखाली बसला. ट्रॉली हळूहळू वर उचलली गेली. शीला सवयीनं खाली शिरायला वाकली.

"थांब," तो म्हणाला. "लावला कोणी?"

तो पाठीवर आडवा झाला, कमरेच्या कळेनं दात आवळले, आणि कोपरांवर सरकत सरकत ट्रॉलीखाली गेला. बाहेर फक्त त्याचे पाय राहिले आणि शीला, जॅकच्या दांड्याशेजारी उभी.

खालून आवाज आला. "त्या शनिवारचे चार टाके मारताना तुहा हात हालला होता का?"

शीलाला खोटं बोलता आलं असतं. "नाही," ती म्हणाली.

खालून पाट्यावर दोनदा ठोकल्याचं ऐकू आलं. मग त्याचा उजवा हात बाहेर आला, तळवा वर करून, थरथरत.

"सतराचा पाना दे," तो म्हणाला.